नंबर काढायचाय? त्या टेबलावर मीही झोपले होते

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय २४, पुण्यात आयटीत नोकरी, उजव्या डोळ्याला मायनस साडेपाच, डाव्याला मायनस पावणेपाच आणि थोडा सिलिंडर, म्हणजे आडव्या-उभ्या दिशेत नंबर वेगळा. सात वर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरतेस, पण आता संध्याकाळ झाली की डोळे लाल होऊन चुरचुरतात. फेब्रुवारीत लग्न आहे, त्याआधी लेझर करून मोकळं व्हावं असं तुझ्या मनात आहे. आई म्हणते, ‘धडधाकट डोळ्यांना कशाला हात लावायचा?’ स्वतः करून घेतलेल्या कुणाचा अनुभव हवाय, पुढे दहा वर्षांनी काय होतं ते हवंय, आणि लेझरच्या दोन पद्धतींपैकी स्माइल करायची की लॅसिक हेही विचारलंयस.

तू माझ्या भाचीच्या वयाची आहेस, म्हणून ‘तू’च म्हणते. मी नाशिकला डोळ्यांची डॉक्टर आहे. नंबर काढायच्या शस्त्रक्रिया अठरा वर्षं करतेय. त्याच्या आधी, २००३ साली, मुंबईत एमएस करत असताना स्वतःच्या दोन्ही डोळ्यांचं लॅसिक करून घेतलं. तेव्हा अनुभव आधी माझाच सांगते, मग तुझ्या डोळ्यांकडे वळू.

माझा नंबर उजव्याला मायनस साडेसहा, डाव्याला मायनस पावणेसहा. मायनस साडेसहा म्हणजे नाकासमोर पंधरा सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट, त्यापुढे सगळा धूर. सकाळी उठल्यावर पहिलं काम उशीखाली चष्मा चाचपडणं. ऑपरेशन थिएटरमध्ये मास्क लावला की काचांवर वाफ धरायची, मायक्रोस्कोपला चष्मा अडायचा. सरांनी दोनदा हटकलं आणि मी ठरवून टाकलं.

मला त्या शस्त्रक्रियेची प्रत्येक पायरी पाठ होती. तरी आडवं झाल्यावर सगळं विसरायला होतं. डोळ्यात बधिर करणारे थेंब घालतात, पापण्यांचे केस चिकटपट्टीने बाजूला करतात आणि पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून छोटा चिमटा बसवतात. दुखत काहीच नाही. पण पापणी मिटता येत नाही, याचीच जिवाला घालमेल होते. मग डोळ्यावर एक कडी बसते आणि दाब वाढतो. कुणीतरी अंगठ्याने डोळा दाबून धरलाय असं वाटतं, आणि समोरचा दिवा हळूहळू मावळून पूर्ण अंधार होतो. दाबामुळे पडद्याचा रक्तपुरवठा काही सेकंद थांबतो म्हणून हे होतं. मला हे कारण माहीत होतं. तरीही त्या काही सेकंदांत ‘गेली आपली नजर’ हेच मनात आलं. लांब कुठेतरी मिक्सर चालू असल्यासारखी घरघर झाली. ते पातं फिरत होतं. सुताराच्या रंध्यासारखं ते बुबुळापुढच्या पारदर्शक काचेवरून सरकतं आणि एक पातळ पापुद्रा उचलतं. एका कडेला तो जोडलेलाच ठेवतात, वहीचं पान उलटावं तसा बाजूला करतात. मग दिवा परत आला, पण पाण्याखालून बघावं तसा विस्कटलेला. त्याच्याकडे बघत राहायचं. टक-टक-टक-टक असा आवाज, आणि केस जळल्यासारखा वास. एका डोळ्याचं लेझर पुरतं एक मिनिटसुद्धा चाललं नाही. पायाची बोटं किती आवळून धरली होती ते दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखल्यावर कळलं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत डोळ्यांतून पाण्याची धार, कांदा चिरताना होते त्याच्या चौपट. झोपून काढला दिवस. सकाळी अंघोळ करायची परवानगी होती, पण मानेखालीच. बादलीतून तांब्या उचलला, खाली बघितलं आणि मला माझ्या पायाची नखं दिसली. अंगठ्याचं नेलपॉलिश अर्धं उडालेलं होतं. आठवीपासून अंघोळ करताना मला स्वतःचे पाय दिसले नव्हते. मोरीत उभी राहून रडले. डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नव्हतं, निदान नळाचं तरी.

इथपर्यंतची गोष्ट तुला सगळेच सांगतील. पुढची सहसा कुणी सांगत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून माझे डोळे कोरडे पडले. एसीत बसलं की वाळू गेल्यासारखं खुपायचं. दुपारच्या ओपीडीत दहा पेशंट झाले की समोरचं अंधुक व्हायचं, पापण्या चारदा मिटल्या की पुन्हा स्पष्ट. पहाटे जाग आली तर पापणी बुबुळाला चिकटलेली असायची आणि उघडताना कळ यायची. आठ महिने हे चाललं. कृत्रिम अश्रूंच्या बाटल्या पर्स, एप्रन आणि उशीशेजारी. जिथे शस्त्रक्रिया केली त्या ठिकाणी मला हे एका वाक्यानेही सांगितलं नव्हतं. मी डॉक्टर, मला माहीत असेलच असं त्यांनी गृहीत धरलं असावं. पुस्तकात वाचलं होतंच की मी, पण रोज पहाटे पापणी चिकटते म्हणजे काय, ते पुस्तकात कुठे असतं? कारण सरळ आहे. पापुद्रा कापताना त्या काचेच्या वरच्या थरातले बारीक मज्जातंतूही कापले जातात. ‘डोळा कोरडा झालाय, पाणी सोडा’ असा निरोप हेच तंतू अश्रुग्रंथीला देतात. ते पुन्हा वाढायला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर निरोप नीट पोचत नाही.

आता तुझे डोळे आधीच संध्याकाळी चुरचुरतात. तेव्हा तुझ्या बाबतीत पहिला प्रश्न हा आहे, यंत्राच्या ब्रँडचा नाही.

बावीस-तेवीस वर्षांनंतरचं सांगते. उजवा डोळा अजून शून्याच्या आसपास आहे. डाव्याला पाऊण नंबर परत आलाय. दिवसा कळत नाही. रात्री गाडी चालवताना चष्मा लावते. समोरून येणाऱ्या गाडीने अप्पर मारला की दिव्याभोवती वलय दिसतं, पहिल्या वर्षी तर प्रत्येक खांबावरच्या दिव्याला चंद्रासारखं खळं होतं, ते आता फिकं झालंय. आणि पंचेचाळिशीला चाळिशी लागली, सगळ्यांना लागते तशी. हे नीट समजून घे, कारण यावरून पुढे फार भांडणं होतात. चाळिशी हा डोळ्याच्या आतल्या भिंगाचा ताठरपणा आहे. लेझर बाहेरच्या काचेवर होतं. मायनस नंबरवाली बाई चाळिशीनंतर चष्मा कपाळावर सरकवून सुईत दोरा ओवते. माझ्यासारखीने नंबर काढला की ती सोय गेली. माझी धाकटी बहीण मायनस चारची आहे, तिने काही केलं नाही, आणि आता तांदूळ निवडताना ती चष्मा काढते अन् मी घालते. तिला यात भारी मजा वाटते.

तरी पुन्हा संधी आली तर करीन का? करीन. पण जरा वेगळी तपासणी करून.

मघाच्या त्या जळक्या वासाबद्दल एक सांगून टाकते, कारण टेबलावर सगळ्यांना वाटतं की डोळा भाजतोय. भाजत नाही. या लेझरला एक्सायमर म्हणतात, १९३ नॅनोमीटरचे अतिनील किरण. ते पेशीजाल तापवत नाहीत, रेणूंमधले बंध तोडतात, आणि तुटलेले कण हवेत उडून जातात. एका ठोक्याला साधारण पाव मायक्रॉन एवढाच थर जातो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. किरण वरच्या थरातच शोषले जातात, आत भिंगापर्यंत किंवा पडद्यापर्यंत पोचतच नाहीत. आईला भीती वाटते ना, ‘आत काही जळलं तर?’ तिला हे सांग. याचा शोध लागला तोही मजेशीर रीतीने. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत प्लॅस्टिकवर हे लेझर चालवून बघत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सणाच्या जेवणातल्या टर्की पक्ष्याचा उरलेला तुकडा प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर लेझर मारलं. आजूबाजूला जराही न करपता कातल्यासारखी स्वच्छ खाच पडली. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे त्यांचे सहकारी. पुढे न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीव्हन ट्रोकेल यांच्याबरोबर डोळ्यावरचे प्रयोग झाले. सणाच्या शिळ्या मांसातून हे सगळं सुरू झालं हे ऐकून आमच्याकडच्या एका आजींनी नाक मुरडलं होतं, पण नातवाचं ऑपरेशन करून घेतलं.

आता तपासणी. माझं ठाम मत आहे की या शस्त्रक्रियेचा निकाल लेझरच्या टेबलावर लागत नाही, त्याआधी तपासणीच्या खोलीत लागतो. लेझर आता यंत्रच करतं, डोळा हलला तर तेही त्याच्या मागे हलतं, जास्तच हलला तर आपोआप थांबतं. डोळा या कामाला लायक आहे की नाही, हे मात्र माणसाला ठरवावं लागतं. आणि ‘नाही’ म्हणायची तयारी ठेवावी लागते.

बुबुळ म्हणून आपल्याला जो काळा-तपकिरी भाग दिसतो, त्याच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखी पारदर्शक काच असते. ती कॉर्निया. मध्यभागी तिची जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. माझी ५४८ होती. मायनस नंबर घालवायचा म्हणजे ही काच मध्यभागी जरा सपाट करायची, म्हणजेच तिथून थोडी छाटायची. एका नंबरला साधारण १२ ते १६ मायक्रॉन जातात. किती रुंद भाग छाटतो त्यावर हे ठरतं. पापुद्रा माझ्या वेळी १६० मायक्रॉनचा असायचा, आता पात्याऐवजी फेम्टोसेकंद नावाच्या कापणाऱ्या लेझरने १०० ते ११० चा करता येतो. पापुद्रा परत ठेवला तरी तो पहिल्यासारखा ताकदीने चिकटत नाही, म्हणून त्याला हिशेबात धरायचं नाही. खाली किती उरतं ते बघायचं. २५० मायक्रॉनच्या खाली जायचं नाही हा जुना नियम. मी स्वतः ३०० पेक्षा कमी उरत असेल तर दुसरा मार्ग शोधते.

तुझंच गणित मांडू. समज तुझी जाडी ५३० निघाली. ११० पापुद्रा, साडेपाचाला धरून चालू ८० ते ८५. उरले ३३५ च्या पुढे. छान. पण जाडी ४८० निघाली, तर उरतात २८५ ते २९०. मग मी लॅसिक म्हणणार नाही. तुझ्या प्रश्नात जाडी कुठेच लिहिलेली नाही. ‘करू की नको’ याचं निम्मं उत्तर त्या एका आकड्यात आहे, म्हणून आधी तो काढून घे.

उरलेलं निम्मं आकारात आहे. पेंटाकॅम किंवा तसल्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसलं की दोन सेकंदांत काचेचा रंगीत नकाशा मिळतो, पुढच्या बाजूचा आणि मागच्याही. निळा-हिरवा म्हणजे सपाट, लाल-केशरी म्हणजे उंचवटा. सिलिंडर असेल तर मधे डमरूसारखा आकार दिसतो, तो सारखा असेल तर काळजी नाही. डमरूची खालची बाजू फुगलेली, वरची रोड, किंवा काचेच्या मागच्या बाजूला एखादा उंचवटा, असं दिसलं की मी थांबते. ही केरॅटोकोनसची चाहूल असू शकते. त्यात काच आपोआप पातळ होऊन शंकूसारखी पुढे येते. आपल्याकडे हा आजार कमी नाही, आणि ॲलर्जीमुळे डोळे चोळणाऱ्यांत तर बराच दिसतो.

काही वर्षांपूर्वी निफाडकडचा एक मुलगा आला होता. वीस-एकवीस वर्षांचा, घरची द्राक्षबाग, नंबर फक्त मायनस तीन, जाडी ५२०. आकडे बघितले तर अगदी सोपी केस. पण तो माझ्यासमोर बसला होता त्या दहा मिनिटांत त्याने चार वेळा मुठीच्या उलट्या बाजूने, बोटांच्या पेरांनी डोळे रगडले. लहानपणापासून खाज, धुळीत जास्त. नकाशात उजव्या डोळ्याच्या खालच्या बाजूला केशरी पोट सुटलेलं. मी नाही म्हटलं. वडील म्हणाले, ‘मॅडम, पैशांचा प्रश्न नाहीये.’ त्यांना समजावताना माझा अर्धा तास गेला आणि तरी ते नाराज होऊनच गेले. दुसरीकडे करून घेतलं. तीन वर्षांनी मुलगा परत आला तेव्हा उजव्या डोळ्याचा नंबर मायनस सहा, सिलिंडर पाच, आणि चष्मा लावूनही तिसऱ्या-चौथ्या ओळीपुढे वाचता येईना. काच फुगत चालली होती. किरणं देऊन काच घट्ट करायची प्रक्रिया केली, फुगणं थांबलं. आता तो रोज सकाळी मोठी, आत पाणी भरलेली कडक लेन्स घालतो. चष्मा नको म्हणून आला होता.

तू डोळे चोळतेस का? लिहिलं नाहीयेस. लेन्स काढल्यावर रात्री सगळेच जरा चोळतात, पण खरं उत्तर स्वतःला दे.

तपासणीला येताना सॉफ्ट लेन्स किमान एक ते दोन आठवडे बंद ठेवायच्या, सेमी-सॉफ्ट असतील तर तीन-चार आठवडे. लेन्स काचेला दाबून तिचा आकार तात्पुरता बदलते, मग नकाशा खोटा येतो. ‘काल रात्रीच काढल्या मॅडम’ असं सांगणाऱ्यांना मी परत पाठवते, मग ती व्यक्ती अमरावतीहून आलेली का असेना. नंबर वर्षभर स्थिर हवा, अर्ध्यापेक्षा जास्त हललेला नको. जुने चष्म्याचे कागद शोधून ठेव. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर सांग, त्यांनी डोळे कोरडे पडतात. लग्नाआधी स्किनच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या मुली हे हमखास सांगायचं विसरतात. डोळ्याच्या डॉक्टरला चेहऱ्याच्या गोळ्यांशी काय करायचंय असं त्यांना वाटतं.

आता स्माइल की लॅसिक.

स्माइलमध्ये पापुद्रा उचलत नाहीत. काचेच्या आतच भिंगाच्या आकाराची चकती लेझरने सुटी करतात आणि दोन ते चार मिलिमीटरच्या फटीतून चिमट्याने ओढून काढतात. तंतू कमी कापले जातात, त्यामुळे सुरुवातीचा कोरडेपणा साधारणपणे कमी असतो. तुझ्यासाठी हा मुद्दा महत्त्वाचा. उलट, पुढे थोडा नंबर उरला तर पुन्हा स्माइल करणं अवघड, तेव्हा सहसा दुसरी पद्धत घ्यावी लागते. लॅसिकमध्ये पापुद्रा पुन्हा उचलून दुरुस्ती करणं त्या मानाने सोपं. दुसऱ्या दिवशीची नजरही लॅसिकची किंचित सरस असते, पण महिन्याभरात दोन्ही सारख्याच. मला विचारशील तर तुझ्या नंबरला, जाडी आणि नकाशा चांगला असेल आणि कोरडेपणा आटोक्यात आला, तर दोन्ही चालतील. ज्या डॉक्टरचा ज्या पद्धतीवर हात बसलाय ती घे. ‘आमच्याकडे अमुक एक मशीन आहे म्हणून तीच करा’ असं सांगणाऱ्याला मात्र एकदा विचार, माझ्या डोळ्यात असं काय आहे ज्यामुळे तीच हवी?

तिसरी पद्धत पीआरके. सगळ्यात जुनी. लोक तिला कमी लेखतात, मला ती आवडते. यात कापाकापी नाही. वरची नाजूक साल बाजूला करून सरळ पृष्ठभागावर लेझर. ताकदीचा थर जास्त उरतो. किंमत म्हणजे पहिले तीन-चार दिवस. डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग, उजेड सोसवत नाही, पट्टी म्हणून साधी लेन्स घालून ठेवावी लागते, आणि नजर पूर्ण साफ व्हायला काही आठवडे जातात. पहिलवान, कबड्डीपटू, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं यांना मी हीच सुचवते. लॅसिकचा पापुद्रा वर्षांनंतरही जोराच्या फटक्याने सरकल्याची उदाहरणं आहेत. कोल्हापूरकडच्या एका पहिलवानाला हे सांगितलं तर म्हणाला, ‘तीन दिवस आग? तालमीत रोज असती.’

काच पातळ असेल किंवा नंबर फार मोठा असेल तर आयसीएल, म्हणजे आत बुबुळाच्या मागे बसवायची लेन्स. तिचा खर्च जास्त, डोळ्याला छेद देऊन आत जावं लागतं, पण काच छाटली जात नाही आणि लागलं तर लेन्स काढताही येते. सध्या तुला तिचा विचार करायची गरज दिसत नाही. जाडी कळली की बोलू.

खर्चाचं म्हणशील तर दोन्ही डोळ्यांचे साधारण तीस-चाळीस हजारांपासून स्माइलला लाखाच्या पुढे. शहराशहरांत फरक पडतो. विमा? आपल्याकडच्या आरोग्य विम्यात साडेसातपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च ठरलेल्या अपवादांत येतो. तुझा साडेपाच आहे, म्हणजे खिशातूनच. दिवाळी ऑफर, ‘एका डोळ्यावर एक फ्री’ वगैरे बघून ठिकाण ठरवू नकोस. डोळे मुळात दोनच असतात, त्यात फ्री काय.

लग्नाचं बोलू. फेब्रुवारीत लग्न आणि आता तू विचारतेयस. माझा सल्ला, लग्नाआधी करू नकोस. शस्त्रक्रियेनंतर निदान दोन-तीन आठवडे काजळ, आयलायनर, खोट्या पापण्या बंद. पहिला महिना डोळ्यांत पाणी, धूळ, घाम जायला नको. आणि आपल्या लग्नात काय काय असतं ते आठव. हळद डोळ्यांपर्यंत ओघळते. लाजाहोमाचा धूर थेट तोंडावर येतो. अंतरपाट बाजूला झाला की मागच्या रांगेतली तरणी मंडळी नेम धरून अक्षता मारतात. तांदळाचा दाणा उघड्या डोळ्यावर लागून बुबुळ खरवडलेली एक नवरी मुलगी मी वरातीच्या रात्री अकरा वाजता, शालूतच, तपासलेली आहे. तिचं लेझरही झालेलं नव्हतं. शिवाय पहिले काही आठवडे स्टिरॉइडचे थेंब वेळच्या वेळी घालायचे असतात, त्यांनी डोळ्यातला दाब वाढतोय का हे बघायला येत राहावं लागतं. केळवणं आणि साड्यांच्या खरेदीत हे होत नाही. एप्रिल-मेमध्ये कर. लग्नापुरत्या एका दिवशी वापरून टाकायच्या लेन्स घाल, त्या जास्त सोसवतात. सप्तपदी झाली, फोटो झाले की काढून टाक.

आणखी एक, जरा खासगी. लवकर मूल हवं असेल तर ते आधी ठरवा. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हार्मोन्समुळे नंबर आणि काचेची जाडी दोन्ही हलतात, त्या काळात आम्ही करत नाही. शस्त्रक्रियेनंतरही काही महिने थांबलेलं बरं.

आईच्या भीतीबद्दल. जंतुसंसर्ग होऊ शकतो, पण तो फार क्वचित होतो, आणि लवकर आलात तर बहुतेकदा आटोक्यात येतो. म्हणून दोन्ही डोळे एकाच दिवशी केले तरी प्रत्येक डोळ्याला वेगळी अवजारं वापरतात का, हे विचारायला लाजू नकोस. रात्रीची वलयं बऱ्याच जणांना दिसतात, बहुतेकांची सहा महिन्यांत फिकी होतात, थोड्यांची राहतात. एका गोष्टीवर आमच्या धंद्यात कमी बोललं जातं. मोजक्या लोकांना, डोळा बाहेरून अगदी स्वच्छ दिसत असतानाही, वर्षानुवर्षं जळजळ आणि ठणका राहतो. तंतू पुन्हा वाढताना चुकीचे जोडले जातात, असं त्याचं स्पष्टीकरण आहे. माझ्या इतक्या वर्षांत असे दोन पेशंट. त्यातल्या एका शिक्षिकेला मी आजही तीन महिन्यांनी बघते. तिचा नंबर शून्य आहे, तक्त्यावरची शेवटची ओळ ती सहज वाचते, आणि वर्गात पंख्याखाली उभं राहता येत नाही म्हणून ती कायम खिडकीशी उभी राहून शिकवते. तिची परवानगी घेऊनच मी हे नव्या पेशंटना सांगते.

म्हणून तुझ्या बाबतीत क्रम असा ठेवीन. आधी लेन्स बंद, चष्म्यावर ये. पापण्यांच्या कडा तपासून घे, तिथल्या तेलग्रंथी तुंबलेल्या असतील तर गरम शेक आणि सफाई, सोबत थेंब. स्क्रीनसमोर पापणी मिटायची आठवण ठेव. दोन-तीन महिन्यांत चुरचुर गेली तर पुढे जायचं. नाही गेली तर शस्त्रक्रिया लांबणीवर टाकायची, किंवा आपल्याला चष्मा शोभतो असं मानून घ्यायचं. तुला हसू येईल, पण तपासणी करून चष्मा घालूनच परत जाणाऱ्या माझ्या पेशंटची संख्या लहान नाही.

पडद्याची तपासणी चुकवू नकोस, शस्त्रक्रियेआधीही आणि नंतर दरवर्षीही. लेझरने बाहेरची काच बदलते, पण मायनस नंबरचा डोळा आतून लांबटच राहतो आणि त्याचा पडदा ताणलेला असतो. कडेला पातळ जागा किंवा भोक असेल तर गरजेप्रमाणे ते आधी लेझरने बांधून घ्यावं लागतं. नंबर गेला म्हणून डोळ्याच्या डॉक्टरकडे जाणं बंद करणारे लोक मला फार भेटतात. अचानक काळे ठिपके वाढले, विजा चमकल्यासारखं झालं, तर शून्य नंबरवाल्यानेही त्याच दिवशी यायचं. काचबिंदूसाठी दाब मोजताना ‘माझं लेझर झालंय’ हेही सांगायचं, कारण पातळ झालेल्या काचेवर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

तू जाता जाता लिहिलंयस की भाऊ रेल्वेत लोको पायलटची तयारी करतोय आणि त्यालाही करायचंय. त्याला थांबव. त्या पदाच्या वैद्यकीय चाचणीत लॅसिक झालेला उमेदवार बाद होतो. सैन्यदलांचे नियम प्रवेशाप्रमाणे वेगळे आहेत, कुठे वय, कुठे उरलेली जाडी, कुठे मधे गेलेला काळ बघतात. त्याने जाहिरातीतले त्या वर्षीचे निकष वाचावेत आणि मगच डोळ्याला हात लावावा.

आणि एक फाइल कर. शस्त्रक्रियेआधीचा नंबर, काचेचा नकाशा, जाडी, किती मायक्रॉन छाटले, सगळ्याचे कागद मागून घे आणि मोबाइलमध्येही फोटो ठेव. साठीला मोतीबिंदू होईल तेव्हा आत कोणत्या नंबरची लेन्स बसवायची हे काचेच्या गोलाईवरून काढतात, आणि लेझरने ती गोलाई बदललेली असते. माझे २००३ चे कागद मला मिळाले नाहीत. ते केंद्र बंद झालं, तिथलं रेकॉर्ड कुठे गेलं कुणाला ठाऊक नाही. आता नवी सूत्रं आली आहेत, काम भागेल, पण मी माझ्याच मोतीबिंदूच्या दिवशी जरा धाकधुकीत असणार आहे.

तपासणीला दोन-तीन तास लागतात. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्यानंतर चार-पाच तास उन्हात डोळे दिपतात आणि जवळचं वाचता येत नाही. स्कूटी घेऊन जाऊ नकोस. आईलाच बरोबर ने, आणि नकाशा समोर उघडला की तिलाही स्टूल घेऊन बसू दे.